तेरच्या डोहावर नेलेली तिसरी

लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले, तेव्हा आमची मुलं लहान होती. थोरली सात वर्षांची, धाकटा पाच. आम्ही उस्मानाबादला एका चाळवजा वस्तीत दोन खोल्यांत राहत होतो. नळाला पाचव्या-सहाव्या दिवशी पाणी यायचं, तेही करंगळीएवढ्या धारेनं. मुलांना अंघोळ म्हणजे अर्धी बादली, आणि ते पाणी परातीत धरून त्यानं फरशी पुसायची.

संध्याकाळी मी मुलांना नगरपालिकेच्या बागेत न्यायची. बाग कसली, हिरवं काही उरलंच नव्हतं. कारंज्याच्या हौदात शेंगांची टरफलं साचलेली. पत्र्याची घसरगुंडी इतकी तापायची की ऊन उतरेपर्यंत पोरं तिच्या सावलीतच खेळत बसायची. धाकटा मला विचारायचा, "आई, कारंजं कधी चालू व्हतंय?" मी म्हणायची, पाऊस आला की. पुढं पुढं त्यानं विचारणं सोडलं.

माझे यजमान सहकारी दूध संघात सुपरवायझर होते. जनावरांना चारा नाही तर दूध कुठून येणार? संघानं त्यांना जनावरांच्या छावण्यांवर चाऱ्याच्या कामाला लावलं होतं. रविवारीसुद्धा ते घरी नसायचे. त्यांनीच एकदा सांगितलं की तेर गावात नदी आटली आहे, पण देवळापासून वर, खडकाच्या पोटाशी एक डोह अजून धरून आहे, पोरं डुंबतात त्यात. मग रविवारी सकाळी एस.टी.नं तेरला जायचं, मुलांना पोटभर पाण्यात खेळू द्यायचं, चार कपडे धुवायचे आणि संध्याकाळच्या शेवटच्या गाडीनं परत यायचं, असं आम्ही सुरू केलं.

बरोबर शेजारची मुलगी असायची. तिचे वडील टेलर, सगळी वस्ती त्यांना मास्टर म्हणायची. तिच्या आईला मी भाभी म्हणायची, त्या मला वहिनी म्हणायच्या. हे नातं कसं जुळलं ते सांगायला हवं. आम्ही बौद्ध. खोली बघायला गेलो तेव्हा आडनाव ऐकून दोन घरमालकांनी "विचार करून सांगतो" म्हटलं होतं. तिसऱ्यानं खोली दिली, पण सामान उतरवलं त्या दिवशी आजूबाजूच्या बाया दारात उभ्या राहून नुसत्या बघत होत्या. तेवढ्यात समोरून भाभी पाण्याची भरलेली कळशी घेऊन आल्या आणि माझ्या चुलीजवळ ठेवून म्हणाल्या, "आधी पोरांना पाणी पाजा." नाव, गाव काही विचारलं नाही. त्या दिवसापासून त्यांच्या घरचा शिरखुर्मा आणि आमच्या घरची पुरणपोळी रस्ता ओलांडत राहिली.

त्यांची मुलगी नऊ वर्षांची होती. हडकुळी, धीट, आणि मास्टरांनी शिकवल्यामुळं मासोळीसारखी पोहायची. डोहावर गेलं की मला म्हणायची, "काकू, तुम्ही धुणं करा. मी हाय न." माझ्या थोरलीच्या हनुवटीखाली हात धरून तिनंच तिला तरंगायला शिकवलं. धाकटा पाण्याला घाबरायचा, तर त्याला पाठीवर घेऊन ती काठाकाठानं फिरायची. मी खडकावर कपडे वाळत घालून भाकरी सोडायची. चौघं मिळून खायचो. त्या दुष्काळात मला सुखाचे म्हणून आठवतात ते हेच रविवार. म्हणून तर पुढचं सांगणं जड जातं.

तो सहावा की सातवा रविवार असेल. आम्ही डोहावरून परत निघालो, वाटेत देवळाच्या पायऱ्यांवर जरा टेकलो आणि स्टँडवर आलो. स्टँड म्हणजे एक लिंबाचं झाड आणि त्याखालचा ओटा. गर्दी भरपूर होती. दुष्काळी कामावरून घराकडं निघालेली माणसं, गाठोडी, टोपल्या. तिथं माझ्या लक्षात आलं की धाकट्याच्या एकाच पायात चप्पल आहे. चप्पल नवी होती. दुसरी नक्की देवळाच्या पायरीवर राहिली असणार. मी शेजारच्या मुलीला म्हटलं, "जा गं पळत, घेऊन ये. गाडी यायला वेळ आहे."

ती लगेच पळाली.

आणि गाडी आली. रोज उशिरा येणारी गाडी त्या दिवशी वेळेच्या आधी आली. लोक दाराकडं धावले. मीही धावले. थोरलीला एका बाईच्या हातात देऊन आत ढकललं, धाकट्याला कडेवर घेतलं, कशीबशी पायरीवर चढले. मनात होतं की एकदा आत शिरावं, जागा धरावी, तेवढ्यात ती येईलच. कंडक्टर मागून लोकांना आत रेटत होता. मी रेटली जात थेट मधल्या खिडकीपाशी पोचले. एका फेटेवाल्या म्हाताऱ्यानं सरकून मला टेकायला जागा दिली. घंटी वाजली.

गाडी वळून देवळाच्या रस्त्याला लागली आणि खिडकीतून मला ती दिसली. एका हातात चप्पल, दुसरा हात वर. पळत होती. "काकू! काकू!" तोंड दिसत होतं, आवाज इंजिनात बुडाला होता.

मी "थांबवा" म्हणाले. पण कसं? आपल्याशीच बोलावं तसं. शेजारच्यालाही ऐकू गेलं नसेल. त्या म्हाताऱ्याला मात्र ती पोरगी दिसली होती. तो म्हणाला, "ओ बाई, ती पोरगी तुमची का? थांबवू का गाडी?"

मी म्हणाले, "न्हाय."

इतक्या वर्षांत मी त्या एका शब्दाला हजार कारणं जोडून बघितली. गाडी थांबली तर कंडक्टर म्हणणार, उतरा खाली. दोन लेकरं घेऊन परक्या गावात रात्र कुठं काढायची? यजमान छावणीवर. धाकट्याचं अंग तापल्यासारखं लागत होतं. सगळी कारणं खरी आहेत. पण त्यानं विचारलं तेव्हा यातलं एकही माझ्या मनात नव्हतं. मनात एवढंच होतं की मला जागा मिळाली आहे, माझी दोन्ही मुलं माझ्याजवळ आहेत. ती माझी नव्हती. म्हाताऱ्यानं विचारलं आणि मी जे खरं होतं ते सांगितलं, असंही मी स्वतःला एकदा समजावून पाहिलं. त्यासारखं खोटं मी आयुष्यात दुसरं बोलले नाही.

थोरली माझ्याकडं बघत होती. "आई, ती राहिली न..." मी तिचं डोकं माझ्या पोटाशी दाबून धरलं. गावाच्या शिवेबाहेर गाडी आली तेव्हा मला भान आलं. मी उठून कंडक्टरला सांगायला गेले, तर तो म्हणाला, "आता काय सांगताय बाई? मघाशी बोलायचं नाही का?" गाडीतली माणसं वळून बघायला लागली. फेटेवाला म्हातारा खिडकीबाहेर बघत राहिला. त्यानं माझ्याकडं पुन्हा पाहिलं नाही. मी परत येऊन बसले. उस्मानाबाद येईपर्यंत मी काय सांगायचं ते जुळवत होते. उतरल्यावर थोरलीला म्हणाले, "तू काही बोलायचं नाहीस. मी सांगते काय ते." सात वर्षांच्या पोरीला मी तेव्हा ते शिकवलं.

भाभी ओट्यावर ब्लाउजला हुक लावत बसल्या होत्या. आम्हाला तिघांनाच बघून त्यांनी सुई तशीच धरली. मी म्हणाले, "भाभी, ती खेळत राहिली. किती हाका मारल्या, आलीच नाही. गाडी सुटली."

मास्टर आतून मशीन सोडून आले. त्यांनी आरडाओरडा केला नाही. एवढंच विचारलं, "शेवटचं कुठं बघितलं तिला?"

चप्पल, पायऱ्या, गाडीमागं पळणं, यातलं काहीही सांगितलं असतं तर माझी पहिली थाप उघडी पडली असती. मी म्हणाले, "डोहाकडं."

त्यांनी सायकल काढली आणि तसेच निघाले. अंधार पडायला आला होता, आणि तेर काही जवळ नाही.

सकाळी दूध संघाची गाडी वस्तीच्या तोंडाशी थांबली. गावोगावचे कॅन गोळा करत येणारी गाडी. कॅनवर आडवी टाकलेली सायकल, आणि ड्रायव्हरशेजारी मास्टर आणि ती. स्टँडसमोरच्या एका घरातल्या बाईनं तिला रडताना बघून घरात घेतलं होतं, तिथंच ती मास्टरांना सापडली. भाभी धावत गेल्या आणि तिला जवळ घेण्याआधी त्यांनी तिच्या पाठीत एक धपाटा घातला. "हाका मारल्या तर येता येत न्हाय तुला? काकूच्या जिवाला घोर!"

पोरीनं माझ्याकडं बघितलं. मी तिथंच, माझ्या दारात उभी होते. मास्टर म्हणाले, "मारू नको तिला. तिची काय चूक न्हाय." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "सापडली, वहिनी. तुम्ही काळजी नका करू." मला वाटलं, बापाचं काळीज, लेकीची बाजू घेणारच. इतकं वाटून घ्यायची मला तेव्हा सोय होती.

पोरगी माझ्या दारापर्यंत आली, धाकट्याची चप्पल उंबऱ्यावर ठेवली आणि आपल्या घरात निघून गेली.

त्यानंतर भाभींनी बोलणं सोडलं नाही. ईदला शिरखुर्मा आला. नळाला पाणी आलं की त्या आधी मला हाक मारायच्या. फक्त ती मुलगी आमच्याबरोबर परत कुठं आली नाही. मी एकदा म्हणून बघितलं, "बागेत येतेस का?" तर म्हणाली, "अभ्यास हाय, काकू." आम्हीही पुन्हा तेरला गेलो नाही. यजमानांना मी हेच सांगितलं की तिकडं पाणी गढूळ झालंय.

तीन वर्षांनी यजमानांची बदली लातूरला झाली. सामान बांधायला भाभी आल्या होत्या. आम्ही दोघी मिळून भांडी पोत्यात भरत होतो. मला वाटलं, आता नाही सांगितलं तर हे असंच घेऊन जावं लागेल. मी खाली मान घालून सगळं सांगितलं. चप्पल, गाडी, तो म्हातारा, माझं "न्हाय". सांगताना माझे हात थांबले, त्यांचे थांबले नाहीत. त्यांनी परात ठेवली, परातीत वाट्या ठेवल्या.

"मला ठावं हाय, वहिनी," त्या म्हणाल्या. "पोरीनं त्याच रातीला बापाला समदं सांगितलं होतं."

"मग तुम्ही मला कधी..."

"मास्टर म्हणले, वहिनी स्वतःच सांगतील. लई सज्जन बाई हाय, सांगितल्याबिगर ऱ्हायची न्हाय." त्यांनी पोत्याचं तोंड दाबून धरलं. "आमी वाट बघितली. एक वरीस बघितली. मग सोडून दिलं. बांधा, मी धरते."

मला सुतळीची गाठ मारता येईना. त्यांनीच मारली.

मुलगी शाळेतून आली तेव्हा मी तिला अंगणात गाठलं. आता ती बारा वर्षांची, माझ्या खांद्याला लागलेली. मी म्हणाले, "मी चुकले गं. तुला तिथं एकटीला टाकून आले. किती भ्याली असशील तू."

तिनं जरा विचार केला. मोठ्या माणसासारखी बोलली. "मी लई न्हाय भ्याले, काकू. त्या घरी मला भाकरी दिली, वाकळ दिली. आता अब्बा येतील म्हणले ते. पण अब्बा आले तवा मी भ्याले."

"का गं?"

"समदे भिजलेले होते. थरथरत होते. मला धरलं न खाली बसले." ती दप्तराच्या बंदाशी खेळत होती. "तुम्ही डोहाकडं सांगितलं होतं न. आधी ते तिथं गेले. अंधारात पाण्यात उतरून हातानं चाचपत होते. वरनं मेंढरंवाला एकजण म्हणाला, स्टँडवर एक पोरगी रडत व्हती, तवा भायेर आले."

ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रक आला. वस्तीतले चार पुरुष हात लावायला आले, त्यात मास्टरही होते. पलंग, ट्रंका, पोती त्यांनी वर चढवली, दोर आवळला, दोनदा हिसका देऊन बघितला. मुलं ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली होती. मी खाली उभी होते. मास्टरांसमोर जाऊन मी म्हणाले, "मास्टर, त्या दिवशी..."

ते हाताला लागलेली दोरीची माती झटकत होते. मान वर न करता म्हणाले, "बसा वहिनी. गाडी निघंल."

मी जाऊन बसले.