टेपनानांची राहिलेली चड्डी

टेपनाना माणसाच्या तोंडाकडे बघत नसत, कमरेकडे बघत. दुकानात कुणी आलं की चष्म्याच्या वरून त्यांची नजर थेट पट्ट्यावर जायची, आणि ‘ये, बस’ म्हणायच्या आधीच आकडा मनात पक्का झालेला असायचा. मी महाडच्या कोर्टात कारकून म्हणून लागलो त्याला वर्ष झाल्यावर पँट शिवायला गेलो, तेव्हा त्यांनी माझी विचारपूस केली ती अशी : “बत्तीसचा चौतीस झालास. साहेब बरा दिसतोय.” साहेब खरंच बरे होते.

महाडच्या बाजारपेठेत, भांड्यांच्या दुकानाशेजारच्या बोळात त्यांचं शिलाईचं दुकान होतं. एक यंत्र, एक बाकडं, गळ्यात कायम टेप. भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ होती, चांगली छातीपर्यंत. दुकान पुन्हा रंगवताना नानांनी ती रेघ पुसू दिली नाही. टेप लावून तिचं जमिनीपासूनचं माप घेतलं आणि शेजारी पेनाने लिहून ठेवलं. कशासाठी, असं मी विचारलं. “पुढच्या वेळेला कमी का जास्त, ते कळायला नको?” ते म्हणाले.

नाना मूळचे आमच्याच गावचे. गाव पोलादपूर तालुक्यात, उमरठच्या पुढे. अर्धं गाव मुंबईला असतं, पण कबड्डीचा संघ गावाने कधी मोडू दिला नाही. या संघाची एक खासियत होती. तालुक्याच्या स्पर्धेत तो साखळी सामने दर वर्षी काढायचा आणि बाद फेरीतला पहिलाच सामना दर वर्षी हरायचा. यात कधी खंड पडला नाही. मुंबईचे चाकरमानी रजेचा अर्ज टाकताना साखळीपुरतीच रजा मागत. मग बाद फेरीच्या आदल्या दिवशी साहेबाला फोन करून एक दिवस वाढवून घेत, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या गाडीने मान खाली घालून परत जात.

तर यंदा बाद फेरीत काय होणार, या एकाच विषयावर नानांच्या दुकानात महिनाभर खल चालायचा. कोर्ट सुटलं की मी गाडीच्या वेळेपर्यंत तिथेच बसायचो. महाड-पोलादपूर वडापची जीप चालवणारा सुदाम जीप भरेपर्यंत तिथेच असायचा, आणि जीप भरल्यावरही असायचा. सुदामचं मत ठरलेलं : “यंदा कप आपलाच.” कारणं तेवढी बदलत. एकदा म्हणाला, समोरच्या संघाच्या कोपऱ्यावरच्या गड्याला मूळव्याध झालीय. एकदा म्हणाला, गटवारी आपल्या बाजूची हाय. मुंबईहून गावच्या ग्रुपवर आवाजी निरोप यायचे, ते सुदाम मोठ्याने लावायचा. भांडणं मुंबईत व्हायची आणि ऐकायचो आम्ही. शेवटी प्रत्येक निरोपात एकच सवाल असे : “नाना काय बोलतात?”

नाना बोलत ते माप घेतल्यावर. आमच्या संघाच्या बारा चड्ड्या दर वर्षी नव्या शिवल्या जात आणि त्या नानाच शिवत. स्पर्धेच्या आदल्या दिवशी ते एसटीने गाठोडं घेऊन गावी जात, बाराही चड्ड्या भैरीच्या देवळात देवापुढे मांडल्या जात, नारळ फुटे. नारळ फुटल्यावर त्यात एकही चड्डी वाढवायची नाही की कमी करायची नाही. देवापुढे न ठेवलेली चड्डी घालून कोणी एकदा खेळला होता आणि त्याचा खांदा निखळला होता, असं सांगत. कोण, कधी, हे सांगणारा मला भेटला नाही, पण नियम सगळे पाळत.

माप घेणं हा तर उघड समारंभच असे. नाना आकडा मोठ्याने सांगत, मी वहीत लिही आणि बाकीचे श्वास रोखून ऐकत.

“कंबर चौतीस. गेल्या साली बत्तीस.”

“नाना, लग्न झालं त्याचं,” सुदाम मध्ये पडायचा.

“मग बायकोला पाठवा चढाईला.”

दम छातीत नसतो, कमरेत असतो, असं त्यांचं शास्त्र होतं. बाराव्याचं माप झालं की टेप गळ्यात टाकून ते निकाल देत : “साखळी काढतील. बाद फेरीत नाय.” सुदाम तासभर वाद घालायचा. सराव काढायचा, नवा गडी काढायचा, मागल्या वर्षीच्या पंचाचा उद्धार करायचा. नाना बटणाचं काज करत ऐकून घेत आणि म्हणत, “टेपला नातं नाय कळत रे.” आणि निकाल त्यांच्याच बाजूने लागे. स्वतः सामना बघायला मात्र ते कधी गेले नाहीत. दुकानात यंत्र चालवत बसत. मैदानावरून मी फोन करायचो, “नाना, हरलो.” पलीकडून “हं” एवढंच यायचं आणि फोन बंद व्हायचा. आपण जिंकावं असं तुम्हाला वाटत तरी का, असं मी एकदा चिडून विचारलं. “वाटतं की,” ते शांतपणे म्हणाले, “म्हणून तर माप नीट घेतो.”

दोन वर्षांपूर्वी मात्र आम्हाला खरोखर आशा होती. रुपेश नावाचा बावीस वर्षांचा पोरगा संघात भरात आला होता. चढाईला गेला की हात लावून परत यायचाच. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला होता, घरात आई आणि धाकटी बहीण. त्या वर्षी त्याचं माप सगळ्यांत शेवटी होतं. कंबर तीस, जशीच्या तशी. सुदामने टाळी वाजवली. मग मांडी. चड्डी मांडीत उसवू नये म्हणून नाना दोन्ही मांड्यांची मापं घेत. उजवी एकवीस. डाव्या मांडीला टेप गुंडाळून नाना थांबले. मग म्हणाले, “एकवीस.”

मी वही घेऊन अगदी जवळ उभा होतो. नानांच्या अंगठ्याखाली साडेएकोणीस होतं.

“सुदाम, चहा सांगून ये,” नाना म्हणाले. त्या दुकानात चहा कधी सांगितला जात नसे, त्यामुळे सुदाम आश्चर्यानेच उठून गेला. मग नाना रुपेशच्या तोंडाकडे बघून बोलले, आणि तोंडाकडे बघताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. “मांडी वाळलीय. गुडघा कधी गेला?”

रुपेशने आधी दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, “भाताच्या लावणीला. बांधावरनं पाय सटकला. डॉक्टर बोलले वर्षभर व्यायाम कर, उड्या मारू नको. परत मुरगळला तर ऑपरेशन.”

“मग खेळतोस कशाला?”

“नाय खेळलो तर सगळे विचारतील का नाय खेळत. गावातलीच चार पोरं हायत माझ्या ठेकेदाराकडं. त्याला कळलं, पाय अधू हाय, तर उद्या घरी बसवील. नाना, कुणाला बोलू नका.”

“मी मापाशिवाय काय बोलतो कधी?” नाना म्हणाले. सुदाम चहा घेऊन आला. त्याने अधीर होऊन निकाल विचारला. नाना म्हणाले, “साखळी काढतील. बाद फेरीत नाय.” त्या दिवशी सुदाम रुपेशचं नाव घेऊन दोन तास भांडला.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी नाना गाठोडं घेऊन देवळात आले. सगळं गाव जमलं होतं, मुंबईकर होते. सुदामने चड्ड्या मांडायला घेतल्या. त्याने दोनदा मोजल्या.

“नाना, अकराच हायत.”

“एक राहिली.”

“राहिली म्हणजे?”

“शिवायची राहिली. रुपेशची.”

देवळात असा गलका झाला की पुजाऱ्याने घंटा वाजवून लोकांना गप्प केलं. कुणी म्हणालं, बाजारातून आणा. पण महाडला जाऊन परत येईपर्यंत मुहूर्त टळला असता. कुणी म्हणालं, जुनी घालू दे. जुनी देवापुढे कशी ठेवणार? शेवटी अकरा चड्ड्यांवर नारळ फुटला आणि रुपेश संघाबाहेर राहिला. गुडघा राहिला बाजूला, कारण झाले नाना. चाळीस वर्षांत ज्याने एक बटण उशिरा लावलं नव्हतं, त्याला पोरंसोरं तोंडावर बोलली. सुदाम सगळ्यांत जास्त बोलला. नाना गाठोड्याच्या फडक्याची घडी घालत उभे होते. रुपेश खांबाशी मान खाली घालून उभा होता. मीही गप्प होतो, आणि त्या गप्प राहण्याची लाज मला अजून वाटते.

संघ साखळी जिंकला आणि बाद फेरीत हरला. म्हणजे नेहमीसारखंच, पण आता हरायला नाव मिळालं होतं. पुढच्या वर्षी मंडळाने चड्ड्या तयार कपड्यांच्या दुकानातून आणल्या. रुपेशने ‘नानांनी शिवलेली नाय तर खेळत नाय’ म्हणून नाव दिलं नाही. सुदामने बोळात पाय टाकणं सोडलं. नानांनी फक्त एवढंच विचारलं, “माप कुणी घेतलं?” मी म्हणालो, माप घेत नाहीत, एम, एल असं असतं. “एल म्हणजे किती?”  नानांनी बराच वेळ यंत्राला तेल घातलं, यंत्राला तेलाची गरज नसताना.

मी सगळ्यांना खरं सांगून टाकतो, असं एकदा म्हणालो. नानांनी विचारलं, “तुझ्या कोर्टानं साक्षीला बोलावलंय तुला?”

“नाही.”

“मग गप बस.”

रुपेश मात्र दर रविवारी दुकानात येई. व्यायाम चालू होता. नाना डाव्या मांडीला टेप लावत, आकडा आता हळूच सांगत, आणि मी वहीत लिही. पावणेवीस. वीस. शिवायचं काहीच नव्हतं. तरी नाना रविवारी दाढी करून बसलेले असत.

मग डोळ्यांनी दगा दिला. सुईत दोरा जाईना. डोंबिवलीचा मुलगा न्यायला आला, दुकान बंद झालं. महाडच्या स्टँडवर मी पोचवायला गेलो होतो. मुलगा सामान चढवत असताना नानांनी पिशवीतून कागदात बांधलेलं एक पुडकं काढून माझ्या हातात दिलं.

“रुपेशला दे. मांडी भरली की घालील.”

मी कागद जरा बाजूला केला. चड्डी होती, संघाच्या रंगाची.

“ही कधी शिवलीत?”

“तेव्हाच. बारा मापं घेतली, बारा शिवल्या.” मग म्हणाले, “दोन्ही मांड्या एकवीसच धरल्यात.”

“आणि नाही भरली तर?”

“भरंल,” नाना म्हणाले आणि गाडीत चढले. बाद फेरीत नाय, एवढंच ज्यांच्या तोंडून आयुष्यभर ऐकलं, त्यांचं हे बोलणं ऐकून माझे डोळे भरून आले. गाडी सुटेपर्यंत मी कंडक्टरकडे बघत राहिलो.

यंदा रुपेश खेळला. आदल्या दिवशी त्याने पुडकं देवळात आणलं, चड्डी देवापुढे ठेवली आणि सगळ्या गावासमोर सगळं सांगितलं. गुडघा, ठेकेदार, साडेएकोणीस.  सुदाम उठून बाहेर गेला आणि बराच वेळ जीपची काच पुसत राहिला. इतकी स्वच्छ काच त्या जीपला कधी नव्हती.

बाद फेरीतला पहिला सामना आम्ही जिंकलो. जिंकल्यावर काय करायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे लोक थोडा वेळ नुसते उभे राहिले. दुसरा सामना दोन गुणांनी हरलो. मी नानांना फोन लावला. सुदामने तो माझ्या हातातून घेतला.

“नाना, मी सुदाम. पहिला काढला.”

“हं.”

“दुसरा हरलो.”

“हं.”

फोन बंद होईल म्हणून सुदाम थांबला. तो बंद झाला नाही. पलीकडे नानांचा श्वास ऐकू येत होता.

“चड्डी कशी बसली?” नानांनी विचारलं.

 सुदामने फोन माझ्याकडे दिला.

“बरोबर बसली, नाना.”

“डाव्या मांडीला?”

“डाव्या मांडीलापण.”

“मग झालं,” नाना म्हणाले, आणि फोन ठेवला.