गाळलेल्या ओळी

आमच्या ऑफिसात दप्तरदार एकच. त्यांचं खरं पद लांबलचक इंग्रजी आहे, पण ते त्यांच्या बायकोलासुद्धा पाठ नाही, म्हणून सगळे दप्तरदार म्हणतात. वय बावन्न, खिशाला कायम दोन पेनं, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याला जांभई यावी. मी नऊ वर्षं त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसतेय, तेव्हा एवढं बोलायचा मला हक्क आहे.

आमची कंपनी ॲम्ब्युलन्स केंद्राचं सॉफ्टवेअर चालवते. फोन घेणारी बाई पत्ता टाइप करते, बटण दाबते, गाडी सुटते. यामागे बारा मशीनवर शेकडो छोटे कंटेनर, म्हणजे एकेक काम करणारे सुटे प्रोग्राम, राबत असतात. कंटेनर कधीही मरतो, त्याच्या जागी दुसरा उभा राहतो. म्हणून प्रत्येक मशीनवर एक गोळा करणारा प्रोग्राम बसवलाय. तो सगळ्या कंटेनरच्या नोंदी उचलतो आणि एका मोठ्या साठ्यात आणून टाकतो. हा साठा म्हणजे दप्तरदारांचा जीव की प्राण. "नोंद नाही, तर गोष्ट घडली नाही," हे त्यांचं पालुपद. ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

तीन महिन्यांपूर्वी याच पालुपदावर केंद्रातल्या एका मुलीची नोकरी गेली. गाडी उशिरा पोचली होती. मुलगी म्हणत होती, मी बटण लगेच दाबलं. दप्तरदारांनी साठा पाहून लिहून दिलं, की नोंद सहा मिनिटांनंतरची आहे. तिला घरी पाठवलं आणि आम्ही सगळे जेवायला गेलो.

त्या बुधवारी सकाळी पुन्हा तेच पुढे आलं, आणि या वेळी गाडीची वाट बघत एका माणसाचा जीव गेला होता. सोमवारी फोन आला अकरा बाराला. साठ्यात "गाडी पाठवली" ही ओळ अकरा वीसची. मधली आठ मिनिटं कोरी. फोन घेणाऱ्या बाईंची चौकशी दुपारी चारला होती. नोकरी जाणार हे ठरल्यात जमा, वर पोलिसांचं लचांड. बाई सकाळीच आमच्या ऑफिसात येऊन बसल्या, मांडीवर पर्स घट्ट धरून.

"मी पाचदा दाबलं हो," त्या म्हणाल्या. "पाचदा! पडद्यावर नुसतं ते चाक फिरत होतं."

"साठ्यात नोंद नाहीये," दप्तरदार म्हणाले. "आणि नोंद नाही, तर..."

"चुलीत घाला ती नोंद!" मी ओरडलेच. "आठ मिनिटं बाई काय विणकाम करत बसल्या होत्या? अहो, एकदा तपासून तरी बघा."

ते माझ्यावर चिडले, पण बसले कामाला. गोळा करणारे प्रोग्राम बाराही मशीनवर नीट चालू होते. साठा भरलेला नव्हता. कुठल्या मशीनचं घड्याळ मागेपुढे नव्हतं. दोन तास गेले. मी चहा आणला तो तसाच गार झाला. दाराच्या काचेतून बाई दिसत होत्या. मला त्यांच्याकडे बघवेना.

"मूळ ओळी कुठे असतात?" मी विचारलं.

"मशीनवरच. पण तीनच दिवस. मग नव्या ओळी जुन्यांवर लिहिल्या जातात."

"मग काखेत कळसा आणि गावाला वळसा कशाला? तिथेच बघा ना!"

बाईंचं काम सोमवारी मशीन सातवर चाललं होतं. दप्तरदारांनी आधी तिथली फाइल कॉपी करून ठेवली, मग मोजणी केली. त्या तासात मशीनवर लिहिलेल्या ओळी चार हजार, साठ्यात पोचलेल्या एकतीसशे. नऊशे ओळी वाटेतच गडप. त्यांनी शोधलं, आणि अकरा बाराची ओळ पडद्यावर आली. बटण दाबलं, नेटवर्क नाही, पुन्हा प्रयत्न. मग अकरा तेरा, पंधरा, सोळा, अठरा. मोजून पाच. मी आनंदानं टेबलावर थाप मारली.

दप्तरदार मात्र हलले नाहीत. त्यांनी गोळा करणाऱ्या प्रोग्रामचे नियम उघडले. एक नियम होता : ज्या ओळीत "पुन्हा प्रयत्न" असेल ती टाकून द्या. वर टीप : डिस्क उगाच भरते. खाली तारीख चौदा महिन्यांपूर्वीची, आणि सही त्यांचीच.

नेटवर्क गेलं की त्याच त्या ओळी हजारोंनी यायच्या. तो कचरा नको म्हणून त्यांनी हा नियम घातला होता. त्यात बटणाच्या ओळीही गेल्या. म्हणजे सगळं सुरळीत असताना नोंद मिळायची, आणि बिघाड झाला की नेमकी तेव्हाचीच फेकली जायची. कुंपणानंच शेत खाल्लं होतं.

"ओळी देऊन टाका, नियमाचं बोलू नका," मी हळूच म्हणाले. "कशाला हात दाखवून अवलक्षण?"

"ओळी साठ्यात का नव्हत्या, हे विचारतीलच ना," ते म्हणाले. त्यांनी अहवालात सगळं लिहिलं, सहीसकट.

बाई सुटल्या. दप्तरदारांना कडक समज मिळाली आणि साठ्याचं काम काढून घेतलं गेलं. संध्याकाळी बाई आभार मानायला आल्या. जाता जाता थांबल्या.

"तो नियम कधीपासून होता?"

"चौदा महिने."

"माझ्या शेजारच्या खुर्चीवर ती मुलगी बसायची," त्या म्हणाल्या. "तीही हेच सांगत होती. मग तिचं काय?"

दप्तरदारांचा चेहरा पांढरा पडला. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली होती, आणि दोर यांनीच वळलेला. पुढचे दोन दिवस त्यांनी बाराही मशीन धुंडाळली. तीन महिन्यांपूर्वीची एकही ओळ शिल्लक नव्हती. त्यांनी चौकशी समितीला पत्र लिहिलं, की तिच्याविरुद्धचा माझा दाखला रद्द समजावा. उत्तर आलं : नोंद जोडा, मग विचार करू. ते पत्र त्यांनी मला वाचायला दिलं आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. मला वाईट वाटलं त्यांचं, खोटं कशाला बोलू!

शनिवारी ते मला म्हणाले, "चल माझ्याबरोबर. एकट्यानं जायचं धाडस होत नाही."

मुलगी आता चपलांच्या दुकानात होती. खाली बसून एका बाईंच्या पायात बूट घालत होती. दप्तरदार तिच्यासमोर उभे राहिले, खिशातलं पेन काढत, परत ठेवत.

"बाळा," ते म्हणाले, "नोंद नाही सापडली. पण तू दाबलं होतंस."

तिनं वर पाहिलं.

"मला माहीत आहे, काका," ती म्हणाली. "मी तेव्हाच सांगितलं होतं तुम्हाला."

मग ती समोरच्या बाईंकडे वळली. "घट्ट होतोय का? पुढचा नंबर आणते."