फुलांच्या दुकानातला माझा आवाज

माझ्या धाकट्या बहिणीचं अकोल्यात फुलांचं ठोक दुकान आहे. तिच्या सासऱ्यांच्या काळापासून तिथे तारेचा एक फोन होता. रस्ता सिमेंटचा करायला घेतला तेव्हा खोदकामात त्याची तार तुटली, आणि कंपनीच्या कचेरीत सांगण्यात आलं की ही तार आता कुणी जोडत नाही, नंबर तोच ठेवून इंटरनेटवरचा फोन घ्या. बहिणीने मला अमरावतीला फोन केला.

"दादा, तुयं वाचन-बिचन आहे. तूच पाह्य कोनता घ्याचा तो. मले फक्त पयल्यासारखा वाजला पायजे."

तिची मागणी एवढीच होती, हे मी आधीच लिहून टाकतो. पुढे काही सबब सुचली तर हे वाक्य आडवं येईल.

त्या दुकानात फोन कसा वाजतो, हे मला चांगलं ठाऊक होतं. शेतकरी फुलं तोडून झाली की दुकानाला फोन लावतो, एकदोनदा वाजू देतो आणि ठेवतो. कुणी उचलत नाही. उचलणं म्हणजे पाहुण्याने ताट उचलून धुवायला नेण्यासारखं. फोनवर नंबर दिसतो, बहीण तो पाहते आणि टेम्पोवाल्याला गावाचं नाव सांगते. आता बोलणं जवळपास फुकट झालं आहे, तरण्या शेतकऱ्यांकडे फुलांचे फोटो पाठवायची सोय आहे, तरी जुन्या लोकांची ही रीत सुटलेली नाही. त्यांचे हात ओले असतात आणि बोलण्यासारखं काही नसतं. सणाच्या कितीतरी सकाळी मी त्या गल्ल्यावर बसून या घंट्या ऐकल्या आहेत. एकदाही मला त्यांच्याबद्दल काही वाटलं नव्हतं, आणि घोटाळा तिथेच झाला असावा.

मी एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. नोकरीभर सत्कार, उद्घाटनं आणि शोकसभा मी शेवटच्या रांगेतून पाहिल्या. शाल, श्रीफळ आणि सूत्रसंचालक या तिन्हींची टिंगल करण्यात माझा हात धरणारा अमरावतीत कुणी नव्हता. सूत्रसंचालकावर तर माझा विशेष लोभ. ज्याचा सत्कार तो ताटकळत उभा आणि हा बाबा अजून त्याला मंचावर आमंत्रित करतोच आहे, हे दृश्य मी मित्रांना करून दाखवत असे. मला कुणी कधी सूत्रसंचालन करायला सांगितलं नाही, हे मात्र मी करून दाखवत नसे.

फोन विकायला आलेला माणूस इस्त्रीच्या शर्टातला आणि अदबीचा होता. मी अकोल्याला जाऊन त्याला दुकानात बसवून घेतलं. त्याच्याकडे दोन प्रकार होते. एक साधा: भिंतीवर छोटी डबी, तिला जुनंच यंत्र जोडायचं, पहिल्यासारखं वाजेल. दुसरा ऑफिसचा: फोन आला की आधी स्वागताचा आवाज, मग अमुक कामासाठी एक दाबा, तमुकसाठी दोन दाबा, आणि आलेला प्रत्येक फोन माझ्या मोबाइलवर दिसणार. मी त्याची उलटतपासणी घेतली. वीज गेली तर काय, इन्व्हर्टरवर चालेल का, नेट गेलं तर फोन मोबाइलकडे वळेल का, आवाज तुटेल का, नंबर खरोखर तोच राहील का. त्याने प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं आणि प्रत्येक उत्तराआधी म्हणाला, "सर, फार छान प्रश्न." मशीनबद्दल मी सगळं विचारलं. तिकडून फोन लावणारा माणूस कसा असतो, हे त्याने मला विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

मग तो म्हणाला, "सर, स्वागताला आमच्याकडे तयार आवाज आहेत, पण तुमच्या आवाजात वजन आहे. तुमचाच टाकू या."

मी ऑफिसचा प्रकार घेतला.

मजकूर लिहायला मला एक संध्याकाळ लागली. अमरावतीच्या घरी पंखा बंद करून, खिडक्या लावून, मी तो मोबाइलवर बोलून भरला. "सप्रेम नमस्कार. आमच्या पुष्पभांडारात आपले मनःपूर्वक स्वागत असो. आपला संपर्क आमच्यासाठी अमूल्य आहे." दुकानावरच्या पाटीला भांडार हा शब्द ठाऊक नव्हता. बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं की कोण आलंय. बहिणीने ऐकून एवढंच म्हटलं की दादा, लांबलं नाही का जरा? मी तिला समजावलं की धंदा वाढवायचा तर ओळख करून द्यावी लागते. थोरला भाऊ कौतुकाने काहीतरी करतो आहे म्हणून ती गप्प बसली. तिला पटलं, असं मी धरलं.

तार तुटल्यापासून ती रोज सकाळी टेम्पो सगळ्या गावांना फिरवत होती, माल असो-नसो. दसऱ्याच्या तोंडावर नवा फोन सुरू झाला, तसा तिने टेम्पोवाल्याकरवी गावोगाव निरोप दिला की फोन चालू झाला, पहिल्यासारखी घंटी द्या. मी दसऱ्यासाठी अकोल्यात मुक्कामालाच गेलो होतो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, उजाडायच्या सुमारास, माझ्या मोबाइलवर एकेक फोन आल्याचं दिसू लागलं. नंबर नव्हता, नुसती वेळ आणि तिच्यापुढे हिरवी खूण. एकही फोन वाया गेला नव्हता, सगळे उचलले गेले होते. मी बहिणीला ते अभिमानाने दाखवलं. ती हार ओवणाऱ्या बायांकडे बघत होती. ती म्हणाली, "पन वाजला कुठं?"

सकाळ वर आली तरी, जिथून आमचा झेंडू यायचा त्या पातूरकडच्या गावांची एकही घंटी नव्हती. टेम्पो दारात उभा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडूचा टेम्पो रिकामा उभा राहणं काय असतं, ते बाजारातल्या प्रत्येकाला कळत होतं. समोरच्या दुकानदाराने येताजाता दोनदा विचारलं की बाई, आज सुट्टी काय. बहीण अस्वस्थ होती ती एका शेतकरणीच्या मालासाठी. नवऱ्यामागे बहिणीने दुकान हाती घेतलं तेव्हा बाई किती दिवस टिकते यावर बाजारात पैजा लागल्या होत्या. त्या पडत्या काळात पहिला माल पाठवला तो या बाईने. बहीण तिला काकू म्हणते. काकूंचा झेंडू आला नाही असा दसरा त्या दुकानाने पाहिला नव्हता. तिने शेवटी त्यांना फोन केला, उचलला नाही. तेव्हा ती टेम्पोत बसली. तिच्या मागोमाग मीही चढलो, कारण दुकानात बसून हिरव्या खुणा बघण्याचं धैर्य आता माझ्यात उरलं नव्हतं.

काकूंच्या शेतात बांधाच्या कडूनिंबाखाली भरलेली पोती ओळीने उभी होती, ओल्या गोणपाटाने झाकलेली. काकू आणि त्यांची सून बाजूला बसून भाकर खात होत्या. बहीण खाली उतरता उतरताच म्हणाली, "काकू, घंटी काहून नाई देली तुमी?"

"देली ना माय. पहाटपासून देऊन राहिली," काकू म्हणाल्या. "लावलं की कोनी मानूस बोलते. तुमचा नंबर बंद झाला की असंच बोलते ना कंपनीवाले. मले वाटलं, टेम्पोवाल्यानं खोटंच सांगितलं. नाई तं तुलेच आता आमचा माल नको असन."

त्यांचं बरोबरच होतं. आपल्याकडे फोनवर शुद्ध मराठी कानी पडली की समजायचं, नंबर अस्तित्वात नाही.

मला वाटलं की हे समजावून सांगणं माझं काम आहे. मी पुढे झालो आणि म्हणालो की असं काही नाही, ती एक यंत्रणा आहे, आणि तिचा उद्देश... इतक्यात सुनेने हातातला घास खाली ठेवला. "आत्याबाई, हेच ते."

काकूंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "हो व माय, हाच आवाज. भाऊ, आमच्या ग्रामपंचायतीच्या घंटागाडीवर तुमीच बोलता काय?"

टेम्पोवाल्याने तोंड दुसरीकडे फिरवलं, पण त्याचे खांदे हलत होते. काकूंनी हे खरंच विचारलं की टोमणा मारला, ते मला आजही सांगता येत नाही. घंटागाडी परवडली, ती निदान ठरल्या वेळी येते आणि तिचं काम लोकांना कळतं.

बहीण हसली नाही. ती म्हणाली, "काकू, आत्ता लावा पाहू." काकूंनी बटणं दाबली, सुनेने फोनचा आवाज मोठा केला, आणि त्या कडूनिंबाखाली मी बोलू लागलो. सप्रेम नमस्कार. प्रत्येक शब्द नीट सुटा, जोडाक्षरांना न्याय देणारा. मी तिथेच उभा होतो आणि मला थांबवायची सोय नव्हती. आपला संपर्क अमूल्य असल्याचं मी गोणपाटाने झाकलेल्या पोत्यांना सांगितलं. हार व पुष्पगुच्छांसाठी एक दाबा, आपण पुष्पोत्पादक असल्यास दोन दाबा. 'पुष्पोत्पादक' ऐकून सुनेने सासूकडे पाहिलं. सासूने मान हलवली, म्हणजे तिलाही ठाऊक नव्हतं. कुणी काही दाबलं नाही. मी सगळं पुन्हा पहिल्यापासून म्हटलं, आभार मानले आणि बंद पडलो.

"एवढं कायले म्हनावं लागते?" काकूंनी बहिणीला विचारलं. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. ते त्यांचं सौजन्य होतं.

बहिणीने पोत्यांकडे हात केला. काकू भाकरीचा तुकडा मोडत राहिल्या. मग म्हणाल्या की फोन लागेना, फुलं गरम व्हायला लागली, तेव्हा रस्त्याने चाललेल्या एका व्यापाऱ्याला सुनेने हात दाखवला. तो परत येऊन पोती उचलणार होता. "दिवाळीच्या शेवंतीचंही त्याले बोलून बसली मी. तुयाकडून काही कळे ना माय. शब्द देला आता."

बहीण एवढंच म्हणाली, "राहू द्या काकू." तिने ओळीने उभ्या पोत्यांपैकी एकाचं गोणपाट वर करून आतली फुलं पाहिली आणि पुन्हा झाकून ठेवलं.

येताना बाकीच्या गावांमध्ये जे उरलंसुरलं मिळालं ते टेम्पोत टाकलं. ती पुढे बसली होती, मी मागे पोत्यांजवळ. दुकान आल्यावर ती खाली उतरली आणि म्हणाली, "मी तुले एकच गोष्ट सांगितली होती, दादा." ती रागाने बोलली असती तर मला भांडता आलं असतं.

स्वागत काढून टाकणं एका बटणाचं काम निघालं. लिहायला संध्याकाळ लागली होती. फोनवाल्याकडून ती साधी डबी आणवली, जुनं यंत्र तिला जोडलं आणि त्याच दुपारी ते वाजलं, एकदोनदा, आणि थांबलं. दसऱ्याला आमचा झेंडू सकाळीच संपला. बहीण गिऱ्हाइकांना हात करून समोरच्या दुकानाकडे पाठवत होती. मी आपट्याच्या पानांच्या जुड्या बांधत होतो, कारण त्या कामात बोलावं लागत नाही.

अमरावतीत मी हे कुणाला सांगितलं नाही. मध्यंतरी एका सत्काराला गेलो होतो. सूत्रसंचालक रंगात आला, शेजारच्या मित्राने सवयीने माझ्याकडे पाहिलं, की आता हा काहीतरी म्हणेल. मी चष्मा पुसत बसलो.

दिवाळीच्या आधी मी पुन्हा अकोल्याला गेलो. तोवर बहिणीने पातूरकडच्या गावांना स्वतः दोन फेऱ्या मारल्या होत्या आणि बहुतेक शेतकरी परतले होते. पहाटेपासून घंट्या येत होत्या, ती नंबर पाहून गावं सांगत होती. बाजारात उजेड झाला तेव्हा समोरच्या दुकानाशी, दसऱ्याला ती पोती उचलणाऱ्या व्यापाऱ्याचा टेम्पो लागला आणि त्याच्या पुढच्या बाजूने काकू उतरल्या. मागे त्यांची शेवंती होती, पिवळी, टपोरी. मी फुलांच्या ढिगाआड सरकलो, पण त्यांनी मला पाहिलं होतं. रस्ता ओलांडून त्या आमच्या पायरीपर्यंत आल्या.

"आता वाजते काय भाऊ, फोन?"

"वाजतो," मी म्हणालो.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. बहिणीने त्यांना चहा घेऊन जायला सांगितलं. त्यांनी उभ्याउभ्या घेतला, तिच्या मुलीची चौकशी केली, कप पायरीवर ठेवला आणि समोर आपली शेवंती मोजून द्यायला निघून गेल्या. तिकडे वजनाचा काटा लागला. बहीण पाठ फिरवून हार ओवणाऱ्या बायांना धागा देत राहिली.