सहावा सेल

जुन्या व्हिडिओ गेमचे गोडवे गाणारी माणसं मला सहन होत नाहीत. माझ्याच वयाची, चाळिशी ओलांडलेली. तेव्हाच्या गेममध्ये कस लागायचा म्हणतात, आता मेलं तरी चार पावलं मागून पुन्हा सुरू. मी अजून रोज खेळते, आणि आताच्या कंपन्यांवर माझाही राग आहे. अर्धवट गेम पुऱ्या किमतीला विकतात आणि उरलेला नंतर तुकड्यातुकड्याने गळ्यात मारतात. पण गेम आपोआप सेव्ह होतो याबद्दल मी एक वाईट शब्द ऐकून घेणार नाही. ती सोय आमच्या घरात थोडी आधी यायला हवी होती.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. डोंबिवली पूर्वेला आमचं दोन खोल्यांचं घर होतं. मी आठवीत होते. दादाने इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला होता आणि वर्षभर नोकरीसाठी अर्ज टाकत होता. मामाने टीव्हीला जोडायचा गेमचा डबा आणून दिला होता. स्टेशनजवळच्या दुकानात जुनी कॅसेट देऊन दुसरी बदलून मिळायची. वर शंभर गेम छापलेले असायचे, आत सहाच निघायचे, तेच नावं बदलून पुन्हा पुन्हा. लोकांना गंडवणं या धंद्याला तेव्हाही जमत होतंच.

एका कॅसेटमध्ये पाणबुड्याचा गेम होता. समुद्राखालच्या बारा गुहा, आणि पाणबुड्याच्या नळीतली हवा सतत कमी होत जायची. हवा संपत आली की डबा टिक्‌टिक् करायला लागायचा. मेलो की पहिल्या गुहेपासून सुरुवात. सेव्ह वगैरे काही नव्हतंच. जेवायला उठायचं तर गेम थांबवून डबा चालू ठेवायचा आणि पिक्चर ट्यूब जाईल म्हणून टीव्ही तेवढा बंद करायचा. मग डब्यावरचा लाल दिवा बघत जेवायचं. मला ते जेवण कधी गोड लागलं नाही.

मे महिन्यातल्या एका गुरुवारी संध्याकाळी आम्ही पहिल्यांदाच अकरावी गुहा पार केली. दुसऱ्या दिवशी दादाची ठाण्याला, कोलशेतच्या एका कंपनीत मुलाखत होती, साडेअकराला. नोकरी लागली की खेळणं बंद, असं त्यानेच ठरवलं होतं. म्हणजे बारावी गुहा आता नाही तर कधीच नाही. गेम थांबवून ठेवला आणि मग आठवलं, उद्या शुक्रवार. शुक्रवारी एमआयडीसीला सुट्टी, म्हणून दुरुस्तीच्या कामासाठी वीज नऊला जायची ती चारला यायची.

दादाने उपाय काढला. सहा मोठे सेल एकापुढे एक बांधून त्यांच्या वायरी लाइट जायच्या आत डब्याला जोडायच्या, मग ॲडॅप्टर बंद पडला तरी डबा चालू राहील. टॉर्चमधले तीन आणि रेडिओतले दोन सेल निघाले. सहावा सकाळी दुकानातून आणायचं काम माझ्याकडे होतं. वायरी कशा जोडायच्या हे त्याने मला चार वेळा करून दाखवलं.

सकाळी आई त्याच्याच नोकरीसाठी टिटवाळ्याच्या गणपतीला गेली. बाबा ऑफिसला गेले. मी दुकानात गेले तर शटर खाली. घरी आले तेव्हा नऊला दहा कमी होते आणि दादा आंघोळीला गेला होता. लाइट कुठल्याही क्षणी जाणार होती. भिंतीवरच्या जुन्या घड्याळालाही तसाच मोठा सेल लागायचा. मी स्टुलावर चढले, तो काढला आणि वायरी जोडल्या. पाचच मिनिटांत पंखा थांबला. लाल दिवा चालूच राहिला. इतका आनंद मला दहावीच्या निकालालाही झाला नाही.

दादा आंघोळ करून आला, घड्याळाकडे बघितलं आणि अजून वेळ आहे म्हणत वहीत डोकं घालून बसला. त्याचं मनगटी घड्याळ दुरुस्तीला दिलं होतं. एरवी कंपन्यांच्या भोंग्यांवरून वेळ कळायची, पण शुक्रवारी भोंगे वाजत नसत. रेडिओचे सेल आम्हीच काढले होते. मी सांगायला हवं होतं. पण सांगितलं तर तो सेल परत लावेल आणि गेम जाईल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. थोड्या वेळाने सांगू, अजून थोड्या वेळाने, असं करत मी बसून राहिले. त्याने पुन्हा घड्याळाकडे बघितलं, पान उलटलं. त्या घड्याळाला सेकंदकाटा नव्हता.

पोस्टमनने दार वाजवलं. तो रोज अकराला यायचा. दादाने त्याच्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, आणि फाइल उचलून धावत सुटला. माझ्याकडे बघितलंही नाही. त्यानंतर मी तो दिवा बंद करू शकले असते. नाही केला.

तो पाचला आला, शर्ट घामाने चिकटलेला. दीडला पोचला होता. गेटवरच्या माणसाने उमेदवारांची यादी आत गेली म्हणून परत पाठवलं होतं. पाणी पिऊन त्याने विचारलं, "चालू आहे अजून?"

मी मान हलवली. आम्ही खेळायला बसलो. मी बटणांना हात लावला नाही, सगळं तोच खेळला. बारावी गुहा पार झाली. पडद्यावर आम्हाला न कळणाऱ्या लिपीतल्या दोन ओळी आल्या आणि लगेच पुन्हा पहिली गुहा सुरू झाली. दादा हसला. मग त्याने वायरी सोडवल्या, सेल घड्याळात घातला आणि शेजारच्या काकूंना वेळ विचारून काटे लावले. जिन्यावर आईच्या चपला वाजल्या.

"आईला कळणारच," तो स्टुलावरून उतरत म्हणाला. "सेल मी काढलेला. कळलं ना?"

आई दारातून आत आली आणि तिने आधी त्याच्या हातावर प्रसादाचा पेढा ठेवला.

त्याला पुढे दीड वर्षाने नोकरी लागली, त्याहून लहान कंपनीत, आणि तिथेच तो टिकला. आई अजून ही गोष्ट सांगते, गेमपायी यानं घड्याळाचा सेल काढला आणि चांगली नोकरी घालवली. परवा त्याच्या मुलांसमोरही सांगितली. मुलं खिदळली. दादा हसत मान खाली घालून जेवत राहिला. मी त्याच्या शेजारीच बसले होते, आणि मी याही वेळी काही बोलले नाही.