दोन टाक्यांमधला पडदा

मॅडम आल्या की आधी चहा नाही, पंखा नाही. खांद्यावरची पर्सही न काढता त्या दोन काचेच्या नळ्या भरायच्या आणि खिडकीशी जाऊन उजेडाला धरायच्या. एक पिवळी, एक जांभळी. जांभळीवर जराशी हिरवट झाक दिसली की स्वतःशीच म्हणायच्या, "झिरपलं. झिरपणारच."

तुम्ही अंबडच्या कारखान्यांमधून सकाळी कधी गेला असाल, तर तिथला मळकट उजेड तुम्हाला ठाऊक असेल. त्यात ते दोन रंग असे तरंगायचे की आपण कशाला आलोय तेच मी विसरायचो.

तिथल्या एका बॅटरीच्या कारखान्यात मी माहितीपुस्तिका लिहायला होतो; बॅटरी मॅडमनी घडवलेली. आमच्या घरात चळवळीची पत्रकं इतकी, की मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली. हे कळल्यापासून मॅडम मला 'पत्रकवाले' म्हणत.

"पत्रकवाले, बघा. दोन टाक्या, दोन्हींत व्हॅनेडियम धातू विरघळलेलं पाणी, मधे हा पडदा. दोन पाण्यांत जो फरक आहे ना, त्यात वीज साठते. पडद्यातून इकडचं तिकडे गेलं की फरक मरतो."

मालेगावच्या यंत्रमागवाल्याची ही मुलगी. बोलताना पडद्याचा तुकडा चिमटीत धरून कापडासारखा चोळायच्या. "जाड घातला तर झिरपणं कमी, पण वीजही अडते. अब्बा म्हणतील, ताडपत्री विणलीस काय?"

पहिली बॅटरी पेठकडच्या एका आरोग्य उपकेंद्रात जायची होती, दिवसा उन्हाची वीज साठवून रात्री बाळंतपणाच्या खोलीतला दिवा लावायला. मालकांनी मला सांगितलं, "लिहा, पडद्यातून गळती शून्य." मॅडमनी मसुदा ओढून घेतला आणि ती ओळ खोडली.

"मॅडम, ऑर्डर जाईल."

"दिवा जाईल, साहेब. आणि का गेला ते तिथल्या सिस्टरला कळणारही नाही."

माझ्या तोंडात भाषण तयार होतं. त्यांनी नुसतं पाहिलं. "तुम्ही बसा. घोषणा नकोत."

तालुक्याचे डॉक्टर बॅटरी बघायला आले, तेव्हा मॅडमनी नवी सोडून मुद्दाम जुनी, दमलेली बॅटरी जोडली. दिवा लवकरच मंदावत विझला; वीज उतरली तशी पिवळी टाकी निळी झाली होती, जांभळी हिरवी. मालकांनी कपाळाला हात लावला. मग मॅडमनी दोन टाक्यांमधला नळ उघडला. निळं पाणी हिरव्यात शिरलं, हिरवं निळ्यात. धरणाच्या तळाशी असावा तसा एकच रंग सगळीकडे पसरला.

"अहो, हे तर नासलं," डॉक्टर म्हणाले.

"नाही हो. दोन्हीकडे मुळात एकच पदार्थ. एकत्र करून दोन्ही टाक्यांत सारखा वाटून घेतला की पुन्हा वीज भरता येते. तुम्ही जेवून या."

संध्याकाळी एक टाकी पिवळी झाली होती, दुसरी जांभळी. दिवा लख्ख.

"सिस्टरला जमेल हे?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी शिकवते ना."

'गळती शून्य'ऐवजी गळती कशी होते आणि मग काय करायचं, याचं पान पुस्तिकेत आलं. एकही घोषणा नसलेलं माझं ते पहिलं लिखाण.

बॅटरीबरोबर मॅडम पेठला गेल्या, सिस्टरला शिकवून परतल्या, आणि पुढे दूरच्या एका प्रयोगशाळेत निघून गेल्या. त्यांच्या खिडकीशी आता खोक्यांची चळत आहे.

पावसाळा सरल्यावर मी उपकेंद्रात गेलो. डोंगरावर धुकं विरत होतं. सिस्टर टाक्यांपाशी उभ्या होत्या. "मॅडम नाय आल्या? बसा. आज मिसळायचा दिवस हाय." त्यांनी नळ उघडला. पलीकडच्या खाटेवर एक बाई कळा सोसत होती. तिने विचारलं, "सिस्टर, दिवा हाय ना?"

"आत्ता नाय. ऊन पिऊ दे त्याला. अंधार पडायच्या आत लागंल, मग रातभर राहील."

बाईने मान हलवली आणि डोळे मिटून घेतले.