हळद लागलेले हात

माझ्या जावेच्या मुलीला रविवारी दिलसुखनगरला हळद लागली आणि दोनच दिवसांनी आमच्या हॉस्पिटलात हात धुण्याची परीक्षा होती. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

मी लहान बाळांच्या वॉर्डात साफसफाई करते. काचेच्या पेट्यांत ओंजळीएवढी बाळं निजलेली असतात. तिथे शिरायचं तर बांगड्या काढून सात पायऱ्यांनी हात धुवावे लागतात. बेसिनवरचा तक्ता इंग्रजीत आणि माझी शाळा चौथीपर्यंत. म्हणून मी चित्रं बघून पायऱ्या पाठ केल्या, त्याही स्वयंपाकघरातल्या. तळहातावर तळहात म्हणजे लाडू वळायचा. अंगठा मुठीत धरून फिरवायचा म्हणजे ताक घुसळायचं. बोटांची टोकं तळहातावर घासायची म्हणजे कढई खरवडायची.

जंतू पसरू नयेत म्हणून आमच्यावर लक्ष ठेवणाऱ्या सिस्टरने आधीच बजावलं होतं, "जो फेल, वो सीधा नीचे लाँड्री में." लाँड्री तळघरात आहे. तिथे चादरी आहेत, बाळं नाहीत. मला चादरींचा लळा नाही.

परीक्षेच्या सकाळी सिस्टरने बेसिनच्या खोलीचे पडदे ओढले. प्रत्येकाच्या हाताला एक मलम चोळलं. ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण हात धुऊन निळ्या दिव्याखाली धरले की जिथे धुवायचं राहिलं तिथे चमकतं. रांगेत सगळे होते, मोठे डॉक्टरसुद्धा.

मी लाडू वळले, ताक घुसळलं, कढई खरवडली. हात दिव्याखाली धरले आणि ते बोटांपासून कोपरापर्यंत पेटले.

"अम्मा! धोए की नई?" सिस्टर ओरडली.

"पूरा शादीखाना दिखरा, लाइटिंग के साथ," माझ्याबरोबर फरशी पुसणारी अक्का मागून म्हणाली.

मला लाज वाटली की हात आपोआप तोंडावर जातात. ते गेले. मागोमाग सिस्टरचा दिवाही वर आला. गाल चमकले, कपाळ चमकलं, एक कान चमकला.

"मुँह कू भी लगा लिए?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रविवारी जावांनी मला धरून नवरीपेक्षा जास्त हळद फासली होती. बेसन लावून तीनदा आंघोळ केली, आरशात काही दिसत नव्हतं. पण हे सांगायचं कसं? चार माणसांत माझा आवाज फुटत नाही. वॉर्डात मी मान हलवूनच उत्तरं देते. तिकडे सिस्टरने वही उघडून पेन काढलं होतं.

"हल्दी," मी म्हणाले. कुणाला ऐकू गेलं नाही.

"हल्दी!" या वेळी इतकं मोठ्याने की शेजारच्या वॉर्डातलं एक बाळ दचकून रडायला लागलं.

सिस्टरचा विश्वास बसेना. अक्का धावत जाऊन कँटीनमधून चमचाभर हळद घेऊन आली. सिस्टरने ती आपल्या मनगटाला चोळली, साबणाने धुतली, वर दिवा धरला. मनगट पिवळं चमकलं. मग काय, प्रत्येकाला करून बघायचं होतं. कुणी नाकाला लावली, कुणी शेजाऱ्याच्या मानेला. जंतू पळवायच्या त्या खोलीला फोडणीचा वास सुटला.

सगळ्यात शेवटी मोठ्या डॉक्टरांनी हात धुऊन दिव्याखाली धरले. दोन्ही अंगठे लख्ख चमकले.

"मेरे घर में भी शादी है," ते हसत म्हणाले. "हल्दी."

सगळे हसले. सिस्टरसुद्धा "हाँ सर" म्हणून त्यांना पास लिहायला लागली. मी मात्र अंगठ्यांकडेच बघत होते. हेच हात रोज पेटीत जाऊन बाळांना तपासतात.

"सर, हल्दी पीली चमकती," मी म्हणाले. "आपका सफेद है. अंगूठा रह गया."

सिस्टरचं पेन वहीवरच थांबलं. मला वाटलं, आता लाँड्री पक्की. पण तोंड उघडलंच होतं, म्हणून मी अंगठा मुठीत धरून ताक घुसळून दाखवलं.

डॉक्टर बेसिनपाशी गेले. "ऐसा?"

"थोडा और, सर."

त्यांनी लोणी येईल इतकं घुसळलं. दिव्याखाली अंगठे काळेकुट्ट दिसले. मग सिस्टरने आधी माझ्या नावापुढे पासची खूण केली, नंतर त्यांच्या.

मी अजून बाळांच्या वॉर्डातच आहे. पुढे धाकट्या पुतणीच्या लग्नात जावा मेंदीचा कोन घेऊन आल्या, तेव्हा मी दोन्ही हात पाठीमागे लपवले. मेंदी चमकते की नाही, हे अजून कुणी तपासलेलं नाही.