डेमो गाडीचा कबुलीजबाब

पोलिसातल्या नोकरीतली बरीच प्रकरणं विसरलो. निवृत्तीनंतरचं एक मात्र डोक्यातून जात नाही. त्यात फिर्यादी मी, तपास अधिकारी मी आणि अखेरीस गाढव ठरलो तोही मीच.

पत्नी गेल्यापासून वाशिमच्या घरात मी एकटा. जिवाभावाचा दोस्त मंगरूळपीरला. एसटीची वाट पाहून कंटाळलो आणि इलेक्ट्रिक मोटारसायकल घ्यायचं ठरवलं. शोरूममध्ये डेमोची गाडी होती. किंमत कमी, आरटीओचा नंबर पडलेला, आजच घरी नेता येईल. दुसरीकडे, गावभरानं पिळलेली, बॅटरी वापरातली, वॉरंटीचे काही महिने सरलेले.

समोरच्या टपरीवर खबर लागली. "डेमोची हाय साहेब, कोनं ना कोनं पाडली असनच."

विक्रेता चाळिशीतला, नोकरीवर नवीन. त्याला समोर बसवला.

"गाडी पडली होती?"

"नाई साहेब."

"कोणत्या बाजूनं पडली?"

"पडलीच नाई जी."

मला घरी जायची घाई नव्हतीच. दुपार झाली, दोनदा चहा झाला, प्रश्न तोच. शेवटी त्यानं मान खाली घातली. "हो साहेब, पडली. शिरपूरच्या रस्त्यावर. माह्याच हातून."

मी खूश! कबुली काढायचा हात अजून शाबूत होता. एवढ्यात मालक आला, ऐकलं आणि त्याच्यावर भडकला. "मले काहून नाई सांगतलं? उद्यापासून येऊ नको!"

नुकसानीचा पंचनामा हवा म्हणून मीच मेकॅनिकला गाडी उघडायला लावली. त्यानं हँडल, फूटरेस्ट, बॅटरीची पेटी, सगळं तपासलं. "साहेब, हे तं कधी पडलीच नाई. खरचटलंबी नाई."

"मंग कबूल काहून केलं बाप्पा?" मालकानं विक्रेत्याला विचारलं.

तो माझ्याकडे वळला. "तुमी उठूनच नव्हते राह्यले, साहेब. हो म्हटलं तं जासान, असं वाटलं."

मालकाची समजूत घातली, माणसाची नोकरी वाचली. गाडी मुकाट्यानं घेतली; घासाघीस करायला तोंड उरलं नव्हतं.

माणूस खरं बोलतोय की सुटका करून घेतोय, हे कबुलीवरून कळत नाही. हे मला पेन्शन सुरू झाल्यावर कळलं.

संध्याकाळी पुण्याला मुलाला फोन लावला. "पोळ्याला येशील?"

"जमेलसं वाटत नाही, बाबा."

एरवी इथून माझी चौकशी सुरू होते आणि 'हो' काढल्याशिवाय मी फोन ठेवत नाही. त्या दिवशी म्हटलं, "बरं."

तो घाबरून म्हणाला, "बाबा, तब्येत बरी आहे ना?"